व्हाया लोणावळा : इंग्रजीतली लॅटिन आणि मावळची वाट

एसटीच्या पाट्यांवर एके काळी ‘व्हाया लोणावळा’ असे सर्रास लिहिलेले असे. आता ‘मार्गे’ लिहितात. ‘व्हाया’ हा शब्द इंग्रजीने लॅटिनमधून जसाच्या तसा उचलला. तिथे ‘विआ’ म्हणजे वाट, आणि शेवटचा स्वर लांबवला की ‘वाटेने’. पाटी बदलणाऱ्याने लॅटिनचे व्याकरण उघडून पाहिले असेल असे वाटत नाही, पण ‘मार्गे’ हे भाषांतर विभक्तीसकट चोख उतरले आहे.

पाटीखालच्या गाडीचे प्रकरण त्याहून गमतीचे. ‘बस’ हा मुळात शब्दच नव्हे. १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये भाडे देईल त्या कुणालाही घेऊन जाणाऱ्या घोडागाड्या निघाल्या, त्यांना नाव पडले ‘ओम्निबुस’. ‘ओम्निस’ म्हणजे सर्व, ‘ओम्निबुस’ म्हणजे सर्वांना, सर्वांसाठी, चतुर्थीचे अनेकवचन. लंडनकरांनी तो लांबलचक शब्द तोडताना नेमका अर्थाचा भाग टाकून दिला आणि प्रत्ययाचा तुकडा ठेवून घेतला. लहानपणी ‘स, ला, ते, स, ला, ना, ते’ घोकलेल्या माणसाला सांगायचे तर, वडगावहून तळेगावला आपण ज्यात चढतो ती गाडी म्हणजे नुसता ‘ना’.

हे पुस्तक अशा शब्दांचे आहे. विषय इंग्रजीतल्या लॅटिनचा, पण पाहण्याची जागा मावळ. कामशेत, कार्ले, मळवली, लोणावळा, खंडाळा या पट्ट्यात रोज कानावर पडणारे, पाट्यांवर दिसणारे, कागदांवर सही करताना समोर येणारे शब्द घ्यायचे आणि ते कोणत्या वाटेने इथे पोचले ते पाहायचे, एवढाच बेत. इंग्लंडच्या इतिहासातून सुरुवात करून शेवटी उदाहरणादाखल दोन भारतीय शब्द टाकायचे, ही नेहमीची रीत मी मुद्दाम उलटी केली आहे. कारण हा विषय मराठी वाचकाला इंग्रज वाचकापेक्षा सोपा जातो, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी लागणारी दोन हत्यारे त्याला शाळेतच मिळालेली असतात: विभक्ती, आणि तत्सम-तद्भवाची ओळख.

इंग्रजी ही लॅटिनची मुलगी नव्हे. फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज या मुली. इंग्रजी जर्मन-डच घराण्यातली. हँड, फूट, वॉटर, ब्रेड, मदर, सन, मून हे तिचे घरचे शब्द. पण उंबरा ओलांडून कोर्टात, शाळेत, दवाखान्यात, बँकेत, स्टेशनात पाऊल टाकले की लॅटिन सुरू होते, आणि शब्दकोश चाळला तर निम्म्याहून अधिक भरणा लॅटिनमधून, थेट किंवा फ्रेंचमार्गे, झालेला दिसतो. हा भरणा एका दमात झाला नाही. अँग्लो-सॅक्सन टोळ्या ब्रिटन बेटावर जाण्याच्या आधीपासून रोमन शिपाई आणि व्यापारी यांच्याशी त्यांचा संबंध होता, तेव्हाचे शब्द म्हणजे वाइन, चीज, किचन, वॉल, स्ट्रीट, माइल. ‘मिल्ले’ म्हणजे हजार; रोमन फौजेची हजार दुहेरी पावले म्हणजे मैल. मग ५९७ साली रोमहून धर्मप्रसारक आले आणि चर्चबरोबर स्कूल, कँडल, मास्टर आले. १०६६ साली नॉर्मन फ्रेंचांनी इंग्लंड जिंकले आणि दरबार, न्याय, फौज, स्वयंपाक या सगळ्यांची भाषा पुढची काही शतके फ्रेंच झाली. त्यानंतर सोळाव्या-सतराव्या शतकात पंडितांनी थेट ग्रंथांतून शब्दांची पोतीच्या पोती आणली.

या शेवटच्या पोत्यांवर तेव्हा बरीच भांडणे झाली. जॉन चीक नावाच्या केंब्रिजच्या विद्वानाने बायबलच्या भाषांतरात ‘सेंच्युरियन’ऐवजी ‘हंड्रेडर’ आणि ‘लुनॅटिक’ऐवजी ‘मून्ड’ असे शुद्ध देशी शब्द घालून पाहिले. ते चालले नाहीत. आपल्याकडे शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची मोहीम काढली. ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ रुळले, इतर पुष्कळ शब्द विसरले गेले. भाषा कुणाचे ऐकते आणि कुणाचे ऐकत नाही याचा नियम अजून कुणाला सापडलेला नाही, तेव्हा या वादात पडण्याचे कारण नाही.

आता तत्सम-तद्भव. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागात, डाव्या हाताला, एक ब्राह्मी लेख आहे. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे जंबुद्वीपातले उत्तम शैलगृह पुरे केले, असा त्याचा आशय. भाषा मात्र संस्कृत नाही, प्राकृत आहे. तिथे श्रेष्ठी ‘सेठि’ झाला आहे आणि शैलगृहाचे ‘सेलघर’ झाले आहे. म्हणजे ‘श्रेष्ठी’पासून आजच्या ‘शेठ’पर्यंतच्या प्रवासातला मधला टप्पा दोन हजार वर्षांपूर्वीच दगडात कोरून ठेवलेला आहे, आणि ‘गृह’चे ‘घर’ तर तेव्हाच होऊन चुकले होते. पुढे मराठीने संस्कृतातून ‘गृह’ पुन्हा घेतला, गृहमंत्री आणि गृहपाठ करायला. ‘घर’ बोलून बोलून झिजलेले, ‘गृह’ ग्रंथातून नव्याने काढलेले. एकाच घराण्यातले दोन शब्द, आणि दोघांच्या कामाच्या जागा निराळ्या.

इंग्रजीत नेमके हेच झाले. लॅटिन ‘फ्रागिलिस’, म्हणजे सहज मोडणारे. फ्रेंचांच्या तोंडात शतकानुशतके झिजून त्याचे ‘फ्रेल’ झाले. पंडितांनी पुन्हा ग्रंथातून घेतले तेव्हा ‘फ्रॅजाइल’ झाले. आजारी म्हातारा फ्रेल, काचसामानाचे खोके फ्रॅजाइल. ‘सेकूरुस’ झिजून ‘शुअर’ झाला, नव्याने आला तो ‘सिक्युअर’. ‘पाउपेर’चा तद्भव ‘पुअर’, तत्सम ‘पॉपर’. इंग्रज मुलाला हे दोन-दोन शब्द वेगळे पाठ करावे लागतात, कारण त्याच्या शाळेच्या व्याकरणात या दोन जातींना नावेच नाहीत. आपल्याकडे क्षेत्र-शेत, अग्नी-आग, हस्त-हात अशा जोड्या पाचवी-सहावीतल्या पोराला ठाऊक असतात. हीच ओळख इंग्रजीच्या तासाला कुणी वापरत नाही आणि बिचारी पोरे स्पेलिंगे घोकत बसतात, याची मला जुनी खंत आहे.

लॅटिन मावळात इंग्रजांबरोबर आली असे मानण्याचा मोह होतो, पण वाट त्याहून जुनी आहे. कल्याण आणि चौल ही बंदरे पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी वृत्तांतात आहेत. तिथून बोरघाट चढून वर आले की कार्ले, भाजे, बेडसे. पुढे जुन्नर, पैठण, तेर. या वाटेने रोमन साम्राज्याशी व्यापार चाले. कार्ल्याच्या खांबांवर धेनुकाकटाहून आलेल्या यवन दात्यांची नोंद आहे. ही माणसे स्वतःला यवन म्हणवत, पण लेख प्राकृतात घालत. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात समुद्रदेवतेची ब्राँझची छोटी रोमन मूर्ती निघाली, तीही याच व्यापाराची खूण. लॅटिन मात्र या वाटेने शब्दापेक्षा नाण्याच्या रूपाने आली. दहा ‘आस’ किमतीचे चांदीचे नाणे ते ‘देनारिउस’. ग्रीकांच्या तोंडून तेच संस्कृतात ‘दीनार’ होऊन बसले आणि गुप्तकालीन लेखांत सोन्याच्या नाण्याला लागले.

दुसरी खेप पोर्तुगिजांची, आणि ती थेट स्वयंपाकघरात आणि बांधकामावर उतरली. मोंसिन्योर दालगादो या गोमंतकीय विद्वानाने १९१३ साली पोर्तुगीज शब्द आशियाई भाषांत कुठे कुठे गेले याचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला; मराठीतले चावी, पगार, पाव, घमेले, तुरुंग, मेज, पिंप यांचा माग तिथे लागतो. यातला ‘पाव’ घ्या. लॅटिन ‘पानिस’, पोर्तुगीज ‘पांव’. त्याच ‘पानिस’पासून ‘कंपनी’, म्हणजे ज्यांची भाकरी एकत्र ती मंडळी, एका पंगतीतली. ‘पँट्री’सुद्धा त्यातलीच, भाकरी ठेवण्याची खोली. लोणावळ्याच्या फलाटावर वडापाव खाणारा कंपनीचा नोकर डेक्कन क्वीनच्या पँट्रीकडे पाहतो तेव्हा एकाच शब्दाची तीन नातवंडे समोरासमोर येतात.

‘पगार’ही पाहण्यासारखा. पोर्तुगिजात ‘पगार’ म्हणजे पैसे चुकते करणे. लॅटिनमध्ये ‘पाकारे’ म्हणजे शांत करणे, ‘पाक्स’ म्हणजे शांतता या शब्दावरून. देणे फेडून समोरच्याला गप्प करणे, असा तो प्रवास. इंग्रजी ‘पे’ त्याच मुळापासून फ्रेंचमार्गे आला. म्हणून ‘पे’ आणि ‘पगार’ हे चुलतभाऊ; महिन्याच्या एक तारखेला दोघांचा मूळ अर्थ घरोघर पटतो.

पण या खेपेतला माझा आवडता शब्द ‘मिस्त्री’. लॅटिन ‘मागिस्तेर’, म्हणजे वरचढ, गुरू, मुख्य. ‘मागिस’ म्हणजे अधिक. पोर्तुगिजात त्याचे ‘मेस्त्र’ झाले आणि आपल्याकडे मिस्त्री, कोकणात मेस्त्री. इंग्रजीत ‘मास्टर’ झाला आणि आपल्याकडे मास्तर. तत्सम रूपाने ‘मॅजिस्ट्रेट’ राहिला. तालुक्याच्या गावी घर बांधणारा मिस्त्री, पोरांना शिकवणारे मास्तर आणि कोर्टातले मॅजिस्ट्रेट साहेब हे तिघे एकाच शब्दाचे वंशज. याच्या उलट ‘मिनुस’ म्हणजे उणे, त्यावरून ‘मिनिस्तेर’, म्हणजे धाकटा, सेवक. त्याचा इंग्रजीत ‘मिनिस्टर’ झाला. मास्तर थोरला आणि मिनिस्टर धाकटा ही व्युत्पत्ती शिक्षकांच्या मेळाव्यात हमखास टाळ्या घेते; पाहुणे म्हणून मिनिस्टर आले असतील तर जरा बेताने सांगावी.

पोर्तुगिजांच्या गोव्यात आलेल्या एका इंग्रजाचे नाव इथे घेतलेच पाहिजे. थॉमस स्टीफन्स हा जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, मराठी शिकला, आणि १६१६ साली त्याचे क्रिस्तपुराण छापले गेले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे. त्याने १५८३ साली आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे, असे नोंदवले. विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे एक मूळ असावे असे कलकत्त्यात मांडले ते १७८६ साली. त्याआधी दोनशे वर्षे, मराठी ओवी लिहिणाऱ्या एका लॅटिन जाणणाऱ्या माणसाच्या हे लक्षात आले होते. पितृ आणि ‘पातेर’, मातृ आणि ‘मातेर’, सप्त आणि ‘सेप्तेम’, अष्ट आणि ‘ओक्तो’, दश आणि ‘देकेम’: कान उघडे असलेल्याला हे ऐकू येणारच.

हे साम्य दिसले की आपल्याकडे लगेच दुसरे टोक गाठले जाते. सप्टेंबर म्हणजे ‘सप्तांबर’, सातवे आकाश, असा मजकूर दरवर्षी मोबाइलवर फिरतो. सप्टेंबरात ‘सेप्तेम’ आहे, कारण रोमनांचे वर्ष पूर्वी मार्चपासून सुरू होई आणि तो सातवा महिना होता. अंबराचा तिथे काही संबंध नाही. संस्कृत आणि लॅटिन या बहिणी. एकीला दुसरीची आई केल्याने कुणाचाच मान वाढत नाही, आणि बहिणींच्या नात्यात पाहण्यासारखे बरेच काही असते ते मात्र नजरेआड होते. ‘राजा’ आणि लॅटिन ‘रेक्स’ हे असेच नाते. त्याच धातूचे ‘रेगुला’, म्हणजे सरळ पट्टी, नियम. ‘रेगुला’ फ्रेंचांच्या तोंडी झिजला, त्याचा इंग्रजीत ‘रेल’ झाला. ‘रूल’ हा त्याचाच दुसरा तद्भव, आणि ‘रेग्युलर’ तत्सम. राजमाचीतला राजा आणि तिच्यासमोरच्या घाटातून जाणारी रेल यांचे असे दूरचे गोत्र लागते.

ही रेल मावळात आली ती मोठ्या कष्टाने. बोरघाटाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले. सॉलोमन ट्रेडवेल या कंत्राटदाराने ते १८५९ मध्ये हाती घेतले आणि इथे येऊन थोड्याच दिवसांत तो वारला. कंत्राट त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेल यांनी, पुढे चालवले. १४ मे १८६३ ला घाट खुला झाला: पंचवीस बोगदे, ३७ फुटांना एक फूट असा चढ, आणि मध्येच गाडी थांबवून इंजिन दुसऱ्या टोकाला लावून पुन्हा चढायचे असे ‘रिव्हर्सिंग स्टेशन’. या कामाची सगळी परिभाषा लॅटिन. स्टेशन म्हणजे उभे राहण्याची जागा. ‘सिग्नल’मध्ये ‘सिग्नुम’, खूण. ‘ट्रेन’मध्ये ‘त्राहेरे’, ओढणे. ‘इंजिन’मध्ये ‘इंगेनिउम’, बुद्धी. इंजिनिअर हा मुळात यंत्राचा नव्हे, डोक्याचा माणूस. ‘व्हायाडक्ट’ तर रोमनांनी कधी ऐकलाही नसता: पाणी नेणाऱ्या ‘ॲक्वाडक्ट’च्या धर्तीवर इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो घरीच बनवला. मेलेल्या भाषेतून गरजेप्रमाणे शब्द पाडून घेण्याची ही टाकसाळ अजून चालू आहे. आपणही ‘दूरदर्शन’ आणि ‘संगणक’ असेच पाडले.

सगळी परिभाषा परकी असली तरी माणसांनी ती आपल्या तोंडाप्रमाणे वाकवली. घाटातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘स्टेशन’ नसते, ‘इस्टेशन’ असते. ‘स्कूल’ नसते, ‘इस्कूल’ असते. याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी स्पेनकडे पाहावे. लॅटिन ‘स्तातिओ’चे स्पॅनिशमध्ये ‘एस्तासिओन’ झाले, ‘स्कोला’चे ‘एस्कुएला’. शब्दाच्या आरंभी ‘स’ला जोडाक्षर आले की आधी एक स्वर टेकू म्हणून लावायचा, ही खोड रोमन साम्राज्याच्या अर्ध्या प्रजेला होती. ‘स्तातुस’चे जुन्या फ्रेंचात ‘एस्तात’ झाले, ते इंग्रजांनी जसेच्या तसे घेतले आणि त्याचा ‘इस्टेट’ झाला. म्हणजे ‘इस्टेट’ म्हणणारा वकील साहेब आणि ‘इस्टेशन’ म्हणणारा हमाल यांच्यात उच्चाराचा नियम एकच. फरक इतकाच की वकिलाची चूक फ्रेंचांनी सातशे वर्षे आधी करून ठेवली होती. १७७९ च्या जानेवारीत कार्ल्याजवळ मराठ्यांच्या तोफेने पडलेला कॅप्टन स्टुअर्ट याच न्यायाने ‘इष्टुर फाकडा’ झाला. शौर्याला दाद म्हणून ‘फाकडा’ मिळाला आणि मावळी जिभेने आरंभी ‘इ’ बसवला. त्याच महिन्यात वडगावला इंग्रजांनी शरणागतीचा तह केला. त्या ‘ट्रीटी’तही लॅटिनच होती, पण तिचा उपयोग झाला नाही, इंग्रजांनी तो तह पुढे मोडला.

वडगावच्या कोर्टात आजही लॅटिन चालते, आणि ती अस्सल, न झिजलेली लॅटिन आहे. द्रुतगती मार्ग झाल्यापासून मावळात जमिनीला जो भाव आला त्यामुळे सातबाऱ्याबरोबर आणखी एक शब्द घरोघरी पोचला: कॅव्हेट. ‘आम्ही कॅव्हेट टाकलंय’ हे वाक्य बांधावरच्या भांडणात ऐकू येते. ‘कावेआत’ म्हणजे ‘त्याने सावध असावे’. ‘ॲफिडेव्हिट’ म्हणजे ‘त्याने शपथेवर सांगितले आहे’. हे शब्द नामे नाहीत, पुरी क्रियापदे आहेत. मराठीत नामासारखी चालवतो म्हणून ‘कॅव्हेटला’, ‘ॲफिडेव्हिटवर’ असे प्रत्यय लागतात. तिसरे असेच क्रियापद द्रुतगती मार्गावर डोक्यावर टांगलेले आहे. ‘एक्सित’ म्हणजे ‘तो बाहेर जातो’; नाटकाच्या संहितेतल्या सूचनेतून तो शब्द इंग्रजीत रुळला. तेव्हा ‘लोणावळा एक्झिट’ ही पाटी लॅटिन समजून वाचली तर ‘लोणावळा निघून जात आहे’ असा अर्थ होतो. पावसाळ्यातल्या रविवारी, भुशी डॅमकडे लागलेली रांग पाहता, गावाने तसे केले तर त्याला दोष देता येणार नाही.

सर्वांत शुद्ध लॅटिन मात्र खंडाळ्याच्या रानात आहे. स्पेनमध्ये जन्मलेले जेझुइट वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकवत. खंडाळ्याच्या डोंगरांत वर्षानुवर्षे हिंडून त्यांनी इथल्या वनस्पतींची जी नोंद केली ती १९५३ मध्ये ग्रंथरूपाने आली. त्या काळी नव्या वनस्पतीचे वर्णन लॅटिनमध्ये दिल्याशिवाय तिचे नाव मान्यच होत नसे. १९३५ पासून २०११ च्या अखेरपर्यंत हा नियम होता. म्हणजे सह्याद्रीच्या कड्यावर सापडलेल्या एखाद्या इवल्या फुलासाठी भारतीय संशोधक एकविसाव्या शतकातही लॅटिन वाक्ये लिहीत होते. माझ्या मते हा त्या भाषेचा शेवटचा खराखुरा व्यवहार, आणि त्यातला काही भाग आपल्या डोंगरांनी करवून घेतला.

ऐनाची फांदी हाताशी ओढून पाहा. पाने फांदीच्या टोकाकडे दाटलेली असतात. ‘तेर्मिनुस’ म्हणजे शेवट, सीमा. म्हणून या कुळाचे नाव ‘टर्मिनेलिया’. ऐन, किंजळ, अर्जुन, हिरडा, बेहडा ही सगळी मंडळी त्यातली. हिरड्याच्या नावातला दुसरा शब्द ‘चेब्युला’ हा काबूलवरून. आणि मुंबईला गाडी जिथे थांबते ते टर्मिनसही याच शब्दाचे. रोमनांकडे ‘तेर्मिनुस’ नावाचा देव होता, शेताच्या बांधावरचा दगड हेच त्याचे रूप. फेब्रुवारीत दोन्हीकडचे शेतकरी येऊन आपापल्या बाजूने त्या दगडाला हार घालत. शिवेवरच्या म्हसोबाला शेंदूर लावणाऱ्या माणसाला हा देव समजावून सांगावा लागणार नाही. त्या सणाचे नाव काय, तर ‘तेर्मिनालिया’. हिरड्याच्या कुळाचेही तेच.

कारवीचे उदाहरण याच्या उलट दिशेचे. सात वर्षांनी फुलणाऱ्या या झुडपाच्या शास्त्रीय नावात ‘कॅलोसा’ हा शब्द आहे, म्हणजे घट्टे पडलेली. ज्या काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला स्वतंत्र कुळ मानले त्यांनी नाव दिले ‘कार्विया’. कुडाच्या भिंतीला वापरायची आपली कारवी, लॅटिन शेपूट लावून. मराठीचे असे थेट लॅटिनमध्ये जाणे क्वचितच घडते.

लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक इंग्रजीतून सुरू केले. योगक्रियांचा शरीरशास्त्राच्या अंगाने अभ्यास करायचा तर शरीरशास्त्राची भाषा हवी, आणि ती लॅटिन. नौलीत पोट आत ओढून मधले दोन उभे स्नायू वेगळे काढायचे असतात. त्यांचे शास्त्रीय नाव ‘रेक्टस ॲब्डॉमिनिस’, पोटाचे सरळ स्नायू. हा ‘रेक्तुस’ म्हणजे सरळ, संस्कृत ‘ऋजु’चा भाऊबंद आणि वर आलेल्या ‘रेगुला’चा सख्खा नातलग. मध्यम, वाम आणि दक्षिण नौलीच्या वर्णनात संस्कृत आणि लॅटिन एकाच ओळीत बसल्या, आणि बसवणाऱ्याला त्यात काही अवघड गेले असे दिसत नाही.

पुढची प्रकरणे अकारविल्हे नाहीत, जागेप्रमाणे आहेत: स्टँड, फलाट, कोर्ट, धरण, दवाखाना, रान. वलवण आणि शिरोत्याच्या धरणांवरून टाटांच्या वीजघराकडे खोपोलीला पाणी जाते त्या वाटेवरच्या ‘व्हॉल्व्ह’, ‘टर्बाइन’, ‘जनरेटर’ अशा शब्दांचे प्रकरण मोठे झाले आहे, कारण विषयच तसा आहे. ‘वाल्वा’ म्हणजे दाराची झडप, आणि आपले डॉक्टर हृदयाच्या व्हॉल्व्हला झडपच म्हणतात. काही गोष्टी मात्र सोडल्या. रोमन शिपायांना पगार मिठात मिळे म्हणून ‘सॅलरी’, ही सर्वत्र सांगितली जाणारी कथा इथे नाही. ‘सालारिउम’ शब्दात मीठ आहे, पण पगार म्हणून मीठ वाटल्याचा पुरावा नाही. लोणावळ्याचे नाव ‘लेण्यांच्या ओळी’वरून आले असे म्हणतात, तोही या पुस्तकाचा विषय नव्हे. चिक्कीच्या व्युत्पत्तीबद्दल विचारणाऱ्यांची तर निराशाच होईल.

लॅटिन शब्द देवनागरीत लिहिताना जुना रोमन उच्चार धरला आहे. त्यात ‘क’ कधी ‘स’ होत नाही आणि ‘ग’ कधी ‘ज’ होत नाही. त्यामुळे सीझर इथे ‘काएसार’ दिसेल आणि सिसेरो ‘किकेरो’. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या वाचकाला हे काही पाने खटकेल. इंग्रजीत आलेले रूप आणि मूळ लॅटिन रूप यांत गोंधळ होऊ नये म्हणून प्रत्येक नोंदीत आधी मावळात ऐकू येणारा उच्चार, मग इंग्रजी, मग फ्रेंच किंवा पोर्तुगीज असल्यास ते, आणि शेवटी लॅटिन असा क्रम ठेवला आहे. घाईत असलेल्याने थेट कोर्टाचे प्रकरण उघडावे; तालुक्यात ते सर्वांनाच कधी ना कधी लागते.